भाकरीच्या मुलखात साखरेचा आजार



पावसाची, पेरणीची, खता-बियाण्याची बोलणी आपली नेहमीच होतात. या पत्रिकेत पिकाविषयी नाही, तर पीक काढणाऱ्या माणसाच्या शरीराविषयी बोलायचं आहे, आणि तेही जरा मागं जाऊन. मधुमेह, म्हणजे ज्याला आपण नुसतं 'शुगर' म्हणतो, तो आजार आपल्या जिरायती मुलखात कसा शिरला त्याची ही हकीकत आहे. बांध कुठं फुटला ते पाहिल्याशिवाय माती टाकून उपयोग नसतो. रोगाचंही तसंच आहे.

पारावर आजही एक बोलणं कानावर येतं: "शुगर हा बसून खाणाऱ्याचा रोग. आपण राबणारी माणसं, आपल्याला कशानं होतोय?" हे बोलणं एके काळी बरंचसं खरं होतं. आज त्याच बोलण्यावर विसंबून माणसं रक्त तपासत नाहीत, आणि पायाची जखम चिघळली किंवा डोळ्याला अंधुक दिसू लागलं म्हणजे दवाखान्यात जातात. तोवर पुष्कळ उशीर झालेला असतो.

हा रोग काही नवा नाही. चरक आणि सुश्रुत यांच्या ग्रंथांत 'प्रमेह' या नावाखाली त्याचे वीस प्रकार सांगितले आहेत. रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात हे त्या काळच्या वैद्यांनी नेमकं टिपलं होतं. सुश्रुतानं त्याचे दोन मोठे भाग पाडले. एक जन्मापासून आलेला, त्यातला रोगी कृश असतो. दुसरा खाण्यापिण्याच्या चुकीनं झालेला, त्यातला रोगी बहुधा स्थूल. ही जन्मापासूनची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिचं काम पडणार आहे.

सुश्रुतानं उपाय काय सांगितले तेही ऐकण्यासारखं आहे. ज्याच्याजवळ पैसा नाही अशा रोग्यानं पायात वहाण न घालता, डोक्यावर छत्री न धरता शंभर योजनं चालावं. कुणी गाईंच्या मागं हिंडावं, कुणी सतत नांगर धरावा, नाहीतर विहीर खणावी! म्हणजे तुमच्या-आमच्या वाडवडिलांचा रोजचा दिनक्रम हेच त्या वैद्याचं औषध होतं. (अनवाणी चालण्याचा सल्ला मात्र आज कुणी मानू नये. का, ते पुढं येईल.) चरकानं आहारात जवाला पहिला मान दिला, आणि वरीसावा जातीची भरड धान्यंही सांगितली.

म्हणजे 'बसून खाणाऱ्याचा रोग' ही समजूत फार जुनी आहे. इंग्रजी अमदानीतही तीच होती. १९०७ साली ब्रिटिश वैद्यक संघटनेच्या बैठकीत उष्ण देशांतल्या मधुमेहावर चर्चा झाली, तेव्हा बंगालमधल्या शिकलेल्या, खुर्चीत बसून काम करणाऱ्या वर्गाचंच नाव पुढं आलं. खेड्यातल्या कुणब्याचा त्यात विचारच नव्हता.

पुढं १९७०च्या दशकात भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनं देशात पाहणी केली. शहरांत शंभरात साधारण २.१ माणसांना मधुमेह निघाला, खेड्यांत १.५ जणांना. त्यानंतर २००८ ते २०२० या काळात राज्याराज्यांतून मोठी पाहणी झाली आणि २०२३ मध्ये तिचे आकडे प्रसिद्ध झाले. वीस वर्षांवरच्या लोकांत शहरात शंभरी १६.४ आणि खेड्यात ८.९. तपासण्याच्या पद्धती बदलल्या, म्हणून दोन पाहण्यांचे आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत, तरी वाढ केवढी आहे हे कुणालाही कळेल. शिवाय रोगाच्या उंबरठ्यावर उभी असलेली माणसं शंभरात पंधराच्या वर आहेत, आणि त्यात शहर आणि खेडं जवळजवळ बरोबरीचं आहे.

मग हा रोग राबणाऱ्या माणसाच्या घरी आला कसा?

निम्मं उत्तर आपल्या ताटात आणि आपल्या पायांत आहे. जामखेड तालुक्याचंच उदाहरण घ्या. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याचा हा दक्षिणेकडचा कोरडा कोपरा. याच जिल्ह्यात उत्तरेला प्रवरेच्या पाण्यावर १९५०-५१च्या हंगामात लोणीचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. दक्षिणेची माणसं मात्र कोयता घेऊन दुसऱ्यांचा ऊस तोडायला जात राहिली. ताटात ज्वारी नाहीतर बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं किंवा शेंगोळी, मटकी, तुरीचं वरण, आणि पावसाळ्यात रानात उगवणारा तांदुळजा, घोळ, पाथरी. गूळ सणाला. गव्हाची पोळीही सणालाच.

मग १९७२चा दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला त्यांना काही सांगायला नको. दुष्काळी कामांवर खडी फोडायची, पाझर तलावाची माती वाहायची, आणि पोटाला अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी नाहीतर सुकडी. त्या दिवसांतूनच रोजगार हमी योजना उभी राहिली. पुढं रेशनवर गहू आणि तांदूळ नियमित मिळू लागला, घराघरात साखर आली. यात वाईट काही झालं असं मी म्हणणार नाही. ज्यांनी उपास काढले त्यांच्या घरात धान्याचं पोतं आलं, याचा आनंदच मानायला हवा. पण ताट बदललं हे खरं. हुलगा मागं पडला, रानभाजी 'गरिबाची भाजी' ठरली, आणि पाहुणा आला की गोड चहा हा रिवाज झाला. मोटेच्या जागी इंजिन आणि मग विजेचा पंप आला, बैलामागं चालणारा माणूस ट्रॅक्टरवर बसला, आणि बाजाराच्या गावाला जाणारी पायवाट मोटारसायकलनं गिळली.

चहाचा एक हिशेब करून पाहा. एका कपात दोन चमचे म्हणजे साधारण १० ग्रॅम साखर. कामाच्या बांधावर, टपरीवर, ग्रामपंचायतीत मिळून दिवसाला सहा कप झाले तर ६० ग्रॅम. वर्षाला ही साखर २० किलोच्या वर जाते, आणि ती फक्त एका माणसाची!

तरीही हे उत्तर निम्मंच आहे. कारण तुम्ही विचाराल, इंग्लंड-अमेरिकेतली माणसं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त खातात, मोटारीतून हिंडतात, मग आपल्यासारख्या वाळक्या माणसाला कमी वयात शुगर का होते? वाळका माणूस, पोट थोडं पुढं, हातपाय काटकुळे, आणि चाळिशीत शुगर. असे रोगी तुमच्याही गावात असतील.

याचं उत्तर शोधताना दाईच्या वहीचा उपयोग झाला. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर नावाचा परगणा आहे. तिथं १९११ पासून सुईणी आणि परिचारिका जन्मलेल्या प्रत्येक मुलाचं वजन वहीत लिहून ठेवत. त्या वह्या पुढं डॉ. डेव्हिड बार्कर यांच्या हाती लागल्या. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठी ओलांडलेल्या पुरुषांचं रक्त तपासलं आणि जन्माच्या वजनाशी ताडून पाहिलं. १९९१ साली निष्कर्ष छापला: जी मुलं जन्मताना हलकी होती, त्यांच्यातच म्हातारपणी मधुमेह जास्त. हॉलंड देशात १९४४-४५च्या हिवाळ्यात युद्धामुळं उपासमार झाली होती. त्या वेळी आईच्या पोटात असलेल्यांची पन्नाशीला आल्यावर तपासणी झाली. त्यांचंही शरीर साखर नीट पेलत नव्हतं.

पण आपल्याला जवळचा दाखला पुण्याचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास चालवला. ही गावंही जिरायतीच, अवर्षणाचीच. तिथल्या बायांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं. त्यांच्या मुलांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या मुलांचं ३.५ किलो. यात नवल नाही. नवल पुढं आहे. आपली मुलं हलकी होती ती स्नायूंनी, आतल्या अवयवांनी. चरबी मात्र त्यांनी जवळजवळ राखून धरली होती. बाहेरून वाळकं, आतून चरबीचं, असं ते बाळ.

पिकाच्या भाषेत सांगायचं तर रोप लहान असतानाच त्याला पाण्याचा ताण बसला. मुळं, खोड कमी भरलं. त्याच रोपाला पुढं भरमसाट युरिया आणि पाणी दिलं तर ते जोमानं वाढत नाही, लोळतं. आईच्या पोटात उपाशी राहिलेलं बाळ मेंदू वाचवतं आणि बाकीच्या अवयवांवर काटकसर करतं. साखर जिरवणारे स्नायू कमी, इन्शुलिन तयार करणारी ग्रंथीही कमी ताकदीची. असा माणूस जन्मभर अर्ध्या भाकरीवर राबला असता तर कदाचित निभावलं असतं. पण त्याच्या वाट्याला पुढं रेशनचा भात, गोड चहा आणि मोटारसायकल आली. टंचाई आणि सुबत्ता एकाच जन्मात एकामागोमाग आल्या, तिथं शुगरला वाट मिळाली. म्हणून हा नुसता श्रीमंतीचा रोग नाही. आमच्यासारख्या मुलखात त्याचं बी टंचाईच्या दिवसांतच पडलेलं असू शकतं.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्या गरोदर बाया हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध वरचेवर खात होत्या त्यांची मुलं वजनाला चांगली निघाली. ज्या बाया शेतात आणि घरात जास्त कष्टाची कामं करत त्यांची मुलं लहान भरली. म्हणजे शुगर अडवायची पहिली जागा तुमच्या-माझ्या ताटाच्याही आधी आहे. ती आहे गरोदर सुनेचं ताट.

आणि इथं जामखेडचं नाव घ्यायलाच हवं. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे पती-पत्नी वेल्लोरला शिकले, अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परतले, आणि १९७० साली जामखेडला त्यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. पाठोपाठ दुष्काळ आला. अशा वेळी लोकांना डॉक्टरच्या सुईपेक्षा पाणी आणि अन्न आधी लागतं. डॉक्टरांनी ते ओळखलं. विंधनविहिरी घेतल्या, मुलांसाठी आणि गरोदर बायांसाठी गावोगाव सामुदायिक स्वयंपाकघरं चालली, शेतकरी मंडळं आणि महिला मंडळं उभी राहिली. गावानं आपल्यातलीच एक बाई निवडून द्यायची आणि तिला आरोग्याचं शिक्षण द्यायचं, अशी पद्धत बसली. या बहुतेक बायांना लिहिता-वाचता येत नव्हतं, कित्येक दलित समाजातल्या होत्या. त्यांनीच घरोघर जाऊन मुलांची वजनं घेतली, बाळंतपणं सुखरूप केली. तान्ह्या मुलांचे मृत्यू १९७१ साली हजारी १७६ होते, ते १९९३ पर्यंत १९ वर आले. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ साली काढलेल्या पुस्तकात जामखेडच्या कामावर प्रकरण आहे. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

हे सगळं शुगरसाठी केलेलं नव्हतं. त्या वेळी प्रश्न हगवणीचा, क्षयाचा, कुष्ठरोगाचा आणि उपासमारीचा होता. पुढं हे रोग मागं हटले आणि रक्तदाब, मधुमेह पुढं आले, तसं आरोग्यसेविकांच्या शिक्षणातही ते विषय आले. पण माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम आधीचंच आहे. 'गरोदर बाईनं कमी खावं, म्हणजे बाळ लहान राहतं आणि बाळंतपण सोपं जातं' ही समजूत गावोगाव होती. सासू प्रेमानंच सुनेला सांगायची. ती समजूत मोडायला बाहेरचा डॉक्टर पुरत नाही, शेजारची बाईच लागते. ज्या बाईनं सुनेच्या ताटात एक जास्तीची भाकरी, वाटीभर डाळ आणि मेथीची भाजी पडेल असं पाहिलं, तिनं पन्नास वर्षांनंतरच्या मधुमेहावर आधीच घाव घातला. तेव्हा तिलाही ते ठाऊक नव्हतं.

आता घरात करण्यासारखं पाहू.

सून किंवा लेक गरोदर असेल तर तिला शेवटी, उरलंसुरलं जेवायला बसवू नका. पाण्याचे हंडे, जळणाचे भारे दुसऱ्यानं उचलावेत. सरकारी दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळतात, त्या घ्याव्यात. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी तिची साखर तपासली जाते. ती १४० किंवा अधिक निघाली तर गरोदरपणातला मधुमेह समजून सांगितलेलं पथ्य आणि उपचार पाळावेत.

बाकीच्यांच्या ताटाविषयी. ज्वारीकडं परत वळायला हरकत नाही. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, पांढऱ्या तांदळात ३च्या आसपास. तंतूमुळं साखर रक्तात सावकाश उतरते. पण 'ज्वारीनं शुगर होत नाही' असं समजून चार भाकरी खाल्ल्या तर त्यांचीही साखरच होते. भाकरी दोन, आणि त्याबरोबर हुलगा, मटकी किंवा हरभऱ्याची उसळ, भरपूर पालेभाजी, ताक. गुळाविषयी एक गैरसमज पक्का बसला आहे. गूळ साखरेपेक्षा 'थंड' असेल, 'उष्ण' असेल, रक्तात गेल्यावर तो साखरच.

झाडपाल्याविषयी लोक फार विचारतात. मेथ्यांवर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत चांगला अभ्यास झाला आहे. त्यांतल्या चिकट तंतूंमुळं जेवणानंतरची साखर कमी चढते. तेव्हा भिजवलेल्या किंवा दळलेल्या मेथ्या जेवणात जरूर असाव्यात. कारल्याची भाजी खावी, भाजी म्हणून ती उत्तमच आहे. जांभळाच्या बियांची पूड, गुडमारचा पाला यांचा थोडाफार गुण दिसतो, पण भरवशाचा नाही. गुडमारचा पाला चघळला की काही वेळ साखर गोड लागत नाही. ही गंमत खरी आहे, मात्र जिभेला साखर कळली नाही म्हणून रक्ताला कळत नाही असं नव्हे.

झाडपाल्याला आम्ही नावं ठेवत नाही. आज शुगरची सगळ्यात जास्त दिली जाणारी गोळी, मेटफॉर्मिन, तिचं मूळही एका वनस्पतीतच आहे. युरोपात उगवणारी ती शेंगवर्गीय वनस्पती मेंढ्यांनी जास्त खाल्ली तर मेंढ्या मरतात. तिच्यातला गुणाचा भाग ओळखून, सुरक्षित रूप बनवून, मात्रा ठरवून १९५७ साली फ्रान्समध्ये डॉ. ज्याँ स्टर्न यांनी ते औषध रोग्यांना दिल्याचं प्रसिद्ध केलं. फरक आहे तो मोजमापाचा. बाजारात मिळणाऱ्या निनावी पुड्यांत मोजमाप नसतं, आणि काही पुड्यांत तर चक्क गोळ्यांची भेसळ सापडलेली आहे.

ज्यांना इन्शुलिन लावलं आहे त्यांनी ते कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नये. १९२२च्या आधी लहान मुलाला हा रोग झाला की आईबापांनी डोळ्यांदेखत त्याचं मरण पाहायचं, एवढंच हाती असे. त्या वर्षी जानेवारीत कॅनडातल्या टोरांटो शहरात चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचलं आणि तो जगला. शोध लावणाऱ्यांनी त्याचे हक्क विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले होते. अशी वस्तू काढ्याच्या भरवशावर सोडायची नसते.

गोळ्या किंवा इन्शुलिन घेऊन शेतावर जाणाऱ्यानं, विशेषतः ऊसतोडीला जाणाऱ्यानं, जेवणाची वेळ चुकवू नये. घाम फुटला, हात कापू लागले, डोळ्यांपुढं अंधारी आली तर साखर उतरली असं समजावं आणि ताबडतोब गूळ किंवा साखर खावी. यासाठी खिशात गुळाचा खडा ठेवावा. तेवढ्यापुरता तोच औषध.

आता सुश्रुताची ती अनवाणी चाल. जुन्या शुगरमध्ये पायाची जाणीव बोथट होते. बाभळीचा काटा मोडला तरी कळत नाही, गरम पाण्यानं कातडी भाजली तरी कळत नाही. म्हणून वावरात पायात चप्पल नको, बंद बूट असावेत. रोज संध्याकाळी पाय धुऊन, पुसून, बोटांच्या बेचक्या आणि तळवे उजेडात पाहावेत. स्वतःला दिसत नसेल तर नातवाला पाहायला सांगावं. छोटी जखमही चुना-हळद लावून झाकून ठेवू नका, दवाखान्यात दाखवा. तंबाखू आणि बिडी सोडली तर पायाचं रक्त वाहतं राहतं.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकानं तपासणी करून घ्यावी. १९७२-७३च्या आगेमागे जन्मलेल्यांनी तर आधी. घरात कुणाला शुगर असेल, वारंवार लघवी होत असेल, तहान भागत नसेल, वजन उगाच उतरत असेल, त्यांनी थांबूच नये. उपाशीपोटी साखर १००च्या खाली असली तर ठीक. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. इथून जेवण आवरून, वजन उतरवून, रोज अर्धा-पाऊण तास झपझप चालून पुष्कळांना मागं फिरता येतं. १२६ किंवा त्याहून जास्त निघाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून रोग पक्का करतात.

तपासणी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. रात्री जेवल्यावर आठ ते दहा तास काही खायचं नाही, सकाळचा चहाही नाही. पाणी चालतं. शेतावर जाऊन मग दवाखान्यात जाऊ असं करू नका, आधी दवाखाना. भाकरी फडक्यात बांधून बरोबर न्या आणि रक्त दिलं की तिथंच सावलीला बसून खा.